‘नाही’ सांगायला येणारे चाचा

चुना सांडला म्हणून मी दगडाला शेंदरी रंग लावला.

वऱ्हाडातला वाचक हे वाचून कपाळावर हात मारून घेईल, आणि बरोबरच करेल. त्या दिवशी मात्र मला सावरायला जवळ कोणी नव्हतं. नांदगाव खंडेश्वरच्या हार्डवेअरवाल्यानं “शेंदरीच देऊ ना?” असं एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. मी म्हणालो, “कोणताही द्या, लांबून दिसला पाहिजे.” दिसला. अख्ख्या गावाला दिसला. पण ते पुढे येईल. आधी चाचांविषयी सांगायला हवं, कारण तो रंग निस्तरायला माझ्याबरोबर उभा राहिलेला माणूस तेवढा एकच.

आमची कंपनी विजेची. अमरावती जिल्ह्यातून अकोल्याकडे मोठी लाईन चालली होती. वावरांमधून लोखंडी टॉवर आणि त्यांवरून तारा. गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचं आणि त्यांचा विश्वास संपादन करायचा, असं आमच्या विभागाचं काम. ‘संपादन’ हा शब्द कंपनी जमिनीसाठीही वापरायची आणि विश्वासासाठीही. विभागात माणसं दोन. चाचा मुख्य, मी हाताखाली. ते महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्या घरातले, घर अकोल्याला. मी अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, समाजकार्याची ताजी पदवी घेतलेला, आणि आपण बोललो की लोक ऐकतात अशा समजुतीत असलेला.

ती समजूत पहिल्याच गावात उतरली. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याखालीच सुकत होती, आणि मी कंपनीचं नाव छापलेल्या छत्र्या वाटल्या. हेड ऑफिसकडून तसंच आलं होतं, पण वाटताना मी हसत होतो, तो भाग माझा. एका म्हाताऱ्यानं छत्री उघडली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “बाबू, पाऊसही कंपनीच देनार हाय काय?”

मी घसा साफ करून ‘आपल्या सर्वांच्या सहकार्यानं’ असं काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “ते राहू द्या. या तारेतून आमच्या गावाले लाईट भेटन काय?”

तेव्हा भारनियमन असं होतं की, मोटारीसाठी लाईट आली तर मध्यरात्री यायची. मी म्हणणार होतो, कंपनी सकारात्मक आहे. चाचा ओट्याच्या टोकाला बसले होते. ते म्हणाले, “नाही.”

“आमच्या डोक्याहून जाईन, अन् आमाले नाही?”

“नाही. जागेचे पैसे भेटतीन. लाईट नाही. कोनी भेटन म्हनलं तं तो खोटं बोलून राह्यला, मंग तो आमच्या कंपनीचा का असेना.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सभा मोडली. मला वाटलं, झालं, आता या गावात पाय ठेवता येणार नाही. पण पुढच्या खेपेला त्या म्हाताऱ्यानं चाचांना हाक मारून बसवून घेतलं. छत्री त्यानं शेळीच्या पिल्लाला सावली म्हणून रोवली होती.

चाचांच्या तऱ्हा एकेक. कानावर केस, पांढरी दाढी, डोक्यावर उन्हाळ्यातसुद्धा लोकरी टोपी, खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेली अंजनगावची पानं. पान कधीच कोणाला देत नसत. “हे माया घरचं हाय, कंपनीचं नाही,” म्हणत. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि साहेब लोक नेमके त्याच बाजूला बसतील अशी खुर्ची ते धरायचे. गावात कोणी काही मागितलं तर कागदावर लिहून घेत नसत. “लिवलं का माणूस इसरते,” हे त्यांचं शास्त्र. मागणारा ज्या शब्दांत बोलला तेच शब्द ते त्याच्यासमोर म्हणून दाखवत आणि मग आपल्या जुन्या मोपेडवर ते शब्द पुटपुटत अमरावतीच्या ऑफिसापर्यंत जात. एकदा पेट्रोल पंपावरच्या पोरानं विचारलं, “किती टाकू?” चाचा म्हणाले, “थोडं धुऱ्याकडं, बांधाच्या अंगाले सरकवा.” पंपावरच्या पोरानं मोपेड सरकवली.

कंपनीची जीप ते गावाबाहेरच्या चिंचेखाली थांबवायचे आणि तिथून पायी. माझे नवे बूट धुळीनं माखायचे. मी एकदा कुरकुर केली, तेव्हा ते चालता चालता थांबले.

“बेटा, गाडी गावात शिरली का बाया दारात येतात. कोनाच्या घरापुढं थांबते ते पाह्यतात. या सालांत गावात दोनच गाड्या येतात, एक पुढाऱ्याची अन् एक पंचनाम्याची. आपली तिसरी हाय, हे त्यायले काय मालूम?”

त्यानंतर जीपमधून उतरायला मीच पहिला असायचो. अर्थात, एकदा हँडब्रेक न लावता उतरलो आणि जीप आमच्या आधी गावात पोचली, तेही सांगायला पाहिजे.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळी. ते कोणालाही ‘हो’ म्हणत नसत. ‘नाही’ म्हणत, किंवा ‘पुसून सांगतो’ म्हणत. आणि पुसून झाल्यावर उत्तर ‘नाही’ असलं तर ते सांगायला मुद्दाम जात. फोन करत नसत, चिठ्ठी पाठवत नसत. उन्हात मोपेड काढायची, गाव गाठायचं, त्या माणसाच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, “नाही झालं.” चहाचाही नियम होता. ‘पुसून सांगतो’ म्हटल्यावर चहा नाही. ‘नाही’ सांगून झाल्यावर कोणी दिला तर घेत. “काम व्हाच्या आशेनं पाजला तं तो चहा नाही, अर्ज हाय,” म्हणत. ‘नाही’ ऐकूनही चहा देणारी घरं सुरुवातीला दोनचार होती. काहींनी तर शिव्याही दिल्या. एका बापानं, चाचांनी “तुमच्या पोराले नोकरी नाही” असं तोंडावर सांगितल्यानंतर, रस्त्यात भेटले तरी तोंड फिरवलं. चाचांना ते लागलं. त्या गावावरून जाताना ते मोपेडचा वेग कमी करत, कोणी थांबवतं का पाहत, आणि पुढे जात.

मुंबईहून एक सल्लागार आले होते. अमरावतीच्या हॉटेलात पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवून त्यांनी समाजाचा विश्वास कसा जिंकायचा हे आम्हाला दिवसभर शिकवलं. मी वहीभर टिपलं. चाचा दुपारनंतर झोपले. शेवटी ‘काही शंका?’ म्हटल्यावर जागे होऊन म्हणाले, “साहेब, तुमचा फोन नंबर गावात देऊ काय?” सल्लागार हसले आणि म्हणाले, “त्यासाठी तुम्ही आहात ना!” चाचा “बरोबर हाय” म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. टोला वगैरे काही मारायचा नव्हता त्यांना. त्यांना खरंच नंबर हवा होता.

आता विहिरीची गोष्ट.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात एका बाईच्या वावरात टॉवर येत होता. मी तिला काकू म्हणायचो. एकटी बाई, तूर-कपाशीचं वावर आणि त्यात एकुलती एक विहीर, तिचं पाणी आटलेलं नव्हतं. अभियंत्यांनी टॉवरची खुंटी मारली ती त्या विहिरीच्या काठाला. टॉवरचे पाय खोल जातात. पाया खणला असता तर विहिरीचं बांधकाम ढासळलं असतं, आणि विहीर गेल्यावर त्या वावरात तिनं करायचं काय, हे तिला आणि आम्हालाही माहीत होतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती पऱ्हाटी उपटत होती. उभी राहिली, पण जवळ आली नाही.

“आले होते तुमच्यासारखे,” ती म्हणाली. “हे गेले तवा. जीपीतून आले, चाय पेले, मदतीचं होईन म्हनले. मंग मीच जात राह्यली तहसीलीत. आज नाही उद्या, उद्या नाही सोमवारी. शेवटी एका पोट्ट्यानं खिडकीतूनच सांगतलं, का बाई, तुमचं तं कवाचंच अपात्र झालं. नाही तं नाही. पन घरी येऊन सांगा ना कोनी. माणूस गेला होता माया, म्हैस नाही.”

मी काहीतरी सहानुभूतीचं बोलायला तोंड उघडलं. चाचांनी माझा दंड दाबला. ते बांधापर्यंत चालत गेले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि परत आले.

“मी त्याच खात्यात होतो,” ते म्हणाले. “तहसील दुसरी होती. पन उद्या या, हे मीही लय म्हनलं. नाही सांगाले माणूस पाठवा लागते, बाई. आमी कधी पाठवला नाही.”

ती दोन पावलं जवळ आली. मग म्हणाली, “तुमी तं याल?”

“पुसून सांगतो,” चाचा म्हणाले. विहीर सोडून टॉवर सरकतो का, हे.

त्यांनी पुसलं. उत्तर आलं, लाईन सरळ आहे, नाही. ते गेले आणि सांगून आले. तिनं चहा दिला. त्यांनी दुसऱ्या साहेबाला पुसलं. नाही. पुन्हा गेले, पुन्हा चहा. तिसऱ्या वेळी ऑफिसातले लोक त्यांना जिन्यात पाहून दार लावून घ्यायला लागले. शेवटी कंटाळून एक अभियंता वावरात आला, त्यानं दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाला, त्या कोपऱ्यात धुऱ्याजवळ बसवता येईल, पण मुदत संपायच्या आत पाया झाला पाहिजे.

चाचांच्या कारकिर्दीतला हा पहिला होकार. मला वाटलं, आता नाचतील. ते म्हणाले, “तू जाऊन सांग. हो सांगाले कोनीही चालते.”

गेलो. काकूला आनंदानं सांगितलं, टॉवर विहिरीवरून हलला. कुठे हलला, ते सांगायचं राहिलं. ती डोळ्यांना पदर लावत होती आणि मी स्वतःवर खूश होतो. मग कोपऱ्यात गेलो. गवतात एक दगड अर्धा रुतलेला होता. अभियंत्यानं त्यावरच खूण करायला सांगितलं होतं. चुन्याची पिशवी गाडीवर फाटून वाटेतच सांडली होती. म्हणून तो डबा. दुपारच्या उन्हात, आजूबाजूला कोणी नसताना, मी त्या दगडाला नीट सगळीकडून शेंदरी रंग फासला. दोन हात दिले. माझं काम असंच चोख असतं.

दुसऱ्या दिवशी काकूनं तो पाहिला. काल टॉवर हलला होता आणि आज धुऱ्यावर शेंदूर लावलेला दगड होता. तिनं फूल वाहिलं. शनिवारी कोणी तेल घातलं, मग चांदीचे डोळे बसले, झेंडा लागला. खोदकामाची माणसं आली तेव्हा गाव धुऱ्यावर उभं होतं. बाईची विहीर वाचवणाऱ्या देवावर टॉवर? खोदणारे परत फिरले.

बातमी ऑफिसात आली. मोठे साहेब मुळीच चिडले नाहीत, खूशच झाले. सामाजिक कामासाठी रक्कम होती. छानसं मंदिर बांधू, कंपनीचा फलक लावू, देव रस्त्याकडेला नेऊ, गाव खूश. आणि गाव नाही म्हणालं तर सोमवारपासून जुन्याच जागी खणायला घ्यायचं, तिची मंजुरी आहेच. जुनी जागा म्हणजे विहीर.

चाचा त्या दिवशी चांगल्या कानानं ऐकत होते. “मंदिर बांधा साहेब, पन आधी गावाले सांगा का देव आपल्या डब्यातला हाय. नाही सांगतलं अन् मंग मालूम पडलं, तं आपलं नाहीसुद्धा कोनी खरं माननार नाही.”

साहेब म्हणाले, “असं सांगितलं तर दंगल होईल.”

“होऊ शकते,” चाचा म्हणाले.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “तू सांग.”

“चाचा, मला मारतील.”

“मारतीन तं मी बाजूले हाओ. पन मी बोललो तं गोष्ट दगडाची राहत नाही, बेटा. दाढीवाला देव उठवाले आला, असं होईन. डबा तुया होता.”

पुढच्या शनिवारी सकाळी गेलो. जीप चिंचेखाली. रिकामा डबा माझ्या हातात. दगडापुढे लोक होते, उदबत्ती लागली होती, काकू पुढेच बसली होती. मी डबा वर धरला आणि सांगितलं. छान भाषेत सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून एवढंच आलं, की हा रंग मी लावला, हार्डवेअरच्या दुकानातून आणला, टॉवरची खूण म्हणून, आणि चुना सांडला होता.

मग एक तरुण पुढे आला, त्यानं डबा हिसकावून फेकला. “कंपनीले जागा पाह्यजे म्हणून देव खोटा करून राहिले काय?” त्याची नजर माझ्यावरून चाचांवर गेली. “अन् हे काहून आले सोबत?”

चाचा जागचे हलले नाहीत. त्यांचा हात टोपीवर गेला आणि तिथेच राहिला.

काकू उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “चाचा,” ती म्हणाली, “हे पोट्टं बोलते ते खरं हाय काय?”

“हो,” चाचा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. गावानंही. तो तरुण काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात काकू त्याच्याकडे वळली. “गप राय. हा माणूस उन्हातान्हात येऊन मले तोंडावर नाही सांगून जाते. याले खोटं बोलाचं असतं तं हो म्हनाले काय लागत होतं?”

मग तिनं वाकून दगडावरचं फूल उचललं. इतके दिवस तिला वाटत होतं की, आपल्यासाठी कोणी तरी वरून हात घातला. आणि तो हात माझा निघाला. ते तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं मी पाहिलं आणि अजून विसरलो नाही.

गावातला एक जाणता माणूस म्हणाला, “रंग कोनाचाही असो, पूजा आमची झाली. फेकून देता येत नाही.” बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी काकूच म्हणाली, “माया विहिरीवर न्या. निंबाखाली. पयलं फूल मी वाह्यलं, मीच पाहीन त्याचं.” नारळ फोडून दगड उचलला. तो तरुण पुढच्या बाजूला होता, मागचं टोक मी धरायला गेलो तर चौघांनी एकदम म्हटलं, “तू राहू दे.”

कोपऱ्यात टॉवर उभा राहिला. विहीर वाचली.

त्या दिवशी काकूनं चहा आणला. चाचांनी हात जोडले. “आज हो म्हनलो बाई. आज नाही चालत.” ती चिडून आत गेली, कप तसाच. पुढच्या आठवड्यात कंपनीनं वावरातला रस्ता दुरुस्त करून द्यायला नकार दिला. चाचा आनंदानं मोपेड काढून निघाले. आल्यावर म्हणाले, “दोन कप पेलो.”

चाचा काही वर्षांनी अकोल्यात गेले. मूत्रपिंडाचा आजार, डॉक्टरांनी लपवलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना झापलं म्हणे. कब्रस्तानात मी माती दिली. कंपनीकडून फुलांचं चक्र आलं होतं, त्याच्यावर छापलेलं नाव छत्रीवरच्या नावासारखंच होतं.

परतीच्या वाटेवर मी गाडी नांदगाव खंडेश्वरकडे वळवली. काकूकडे आता फोन होता आणि नंबर माझ्याकडे होता. गाडी चिंचेखाली लावली, हँडब्रेक दोनदा पाहिला, आणि पायी निघालो.

तिनं मला लांबून पायी येताना पाहिलं आणि हातातला विळा खाली ठेवला. वय झालं होतं तिचं. विहिरीवर निंबाखाली दगड होता, दरवर्षी नवा शेंदूर चढून गुळगुळीत झालेला.

“काकू,” मी सुरुवात केली, “गेले काही महिने चाचांची तब्येत जरा...”

“आडवंतिडवं नको बोलू,” ती म्हणाली. “नाही काय?”

“नाही,” मी म्हणालो.

ती विहिरीच्या काठावर बसली. तिथून टॉवर दिसत होता, त्याच्या तारांवर पोपट बसले होते. मग ती उठली, चूल पेटवली आणि चहा करून माझ्यापुढे ठेवला. त्या घरचा तो माझा पहिला चहा. मी कप उचलला.

पदरानं डोळे पुसून तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“नाही सांगाले माणूस पाठवा लागते, म्हनत होते चाचा,” ती म्हणाली. “अन् पाठवला तं तुले!”